चौरस मीटरचे चौरस फूट करताना ३.२८ ने गुणले, तर हिशोब कुठे चुकला?

आगोट (पेडणे)

सर्वांना नमस्कार. पेडण्याजवळ आमचे वडिलार्जित घर आहे. त्याच्या जुन्या भागावर नळे (कौले) आहेत आणि मागच्या बाजूला पुढे वाढवलेल्या भागावर स्लॅब आहे. हा स्लॅब गेली तीन वर्षे पावसात पाझरतो आहे. म्हणून यंदा आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या, कामांतच त्यावर पत्र्याचे छप्पर घालून घ्यावे असे ठरवले आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या बांद्याकडच्या एका फॅब्रिकेटरला बोलावले. त्याने सामान आणि मजुरी मिळून चौरस फुटाला २१० रुपये दर सांगितला.

घराच्या नकाशावर स्लॅबची मापे मीटरमध्ये आहेत, ११.५ मीटर लांब आणि ९.२ मीटर रुंद. गुणाकार केला तेव्हा १०५.८ चौरस मीटर आले. एका मीटरचे ३.२८ फूट होतात हे शाळेपासून पाठ असल्यामुळे मी १०५.८ ला ३.२८ ने गुणले. उत्तर ३४७ चौरस फूट, म्हणजे खर्च साधारण ७३ हजार. फॅब्रिकेटरच्या वहीत मात्र ११३९ चौरस फूट आणि २,३९,१९० रुपये असा आकडा होता. माझ्या मनात लगेच आले की सीमेपलीकडचा माणूस गोव्यातल्या गिऱ्हाइकाला तिपटीने लावतो आहे, आणि मी तसे त्याला जवळजवळ बोलूनही दाखवले. तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, हिशोब कोणाकडूनही करून घ्या.’ म्हणून तो येथे मांडतो आहे.

आणखी एक गोष्ट अशी की माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे. तिला ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करताना ५/१८ ने गुणायचे की १८/५ ने, हे दर वेळी आठवावे लागते. पाठांतरावाचून हे समजण्याची काही रीत आहे का?

एकच वाक्य (म्हापसा)

मोबाइलमध्ये टाका, दोन सेकंदांत उत्तर मिळते, एवढे लिहीत बसायची गरज नाही.

निवृत्त मास्तर (फोंडा)

मोबाइलचा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही, पण तेथेही ‘मीटर’ निवडायचे की ‘चौरस मीटर’ हे आपल्यालाच ठरवावे लागते, आणि प्रश्नकर्त्याचे घोडे नेमके तेथेच अडले आहे. ‘मीटर’ निवडून १०५.८ टाकले असते, तर मोबाइलनेही विनातक्रार ३४७ हेच उत्तर दिले असते.

आगोट, आपल्या दोन उत्तरांमध्ये एक खूण लपलेली आहे. ११३९ ला ३४७ ने भागून पाहा, ३.२८ येतात. दोघांच्या हिशोबातला फरक ‘साधारण तिप्पट’ नसून बरोबर एका ३.२८ चा आहे. फॅब्रिकेटरने त्या संख्येने दोनदा गुणले आणि आपण एकदा. बरोबर तो आहे.

दोनदा का, हे सूत्रावरून सांगण्यापेक्षा आपण ते जमिनीवर पाहावे असे मला वाटते. अंगणात खडूने एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चौकोन आखा आणि त्याच्या एका कोपऱ्यापासून एकेक फुटाचे चौकोन भरत चला. एका ओळीत तीन पूर्ण चौकोन बसतील, अशा तीन ओळी होतील, म्हणजे नऊ चौरस फूट झाले. उजवीकडे पाव फुटाहून थोडी जास्त रुंदीची, अचूक सांगायचे तर ०.२८०८ फुटाची, एक पट्टी उरेल आणि वरच्या बाजूला तेवढीच दुसरी. प्रत्येक पट्टीची लांबी तीन फूट, म्हणून दोन्ही मिळून १.६८ चौरस फूट. दोन पट्ट्या जेथे एकमेकींना भेटतात तेथे कोपऱ्यात एक छोटा तुकडा उरतो, तो ०.०८ चौरस फुटाचा. सगळे मिळवले की १०.७६ येतात, आणि ३.२८०८ चा वर्गही तेवढाच आहे. आपण ३.२८ ने गुणले तेव्हा या चौकोनातली फक्त खालची एक फूट उंचीची ओळ मोजली आणि वरचा सगळा भाग सोडून दिला.

आता रीत. तीस-पस्तीस वर्षे शिकवताना मला असे दिसले की मुले आकडे पाठ करतात आणि एकक उत्तराच्या शेवटी शेपटीसारखे चिकटवतात. त्याऐवजी एकक हे आकड्याला गुणलेले अक्षर आहे असे समजावे. बीजगणितात ‘क्ष’ वर-खाली आला की कापतो, तसा ‘मीटर’ही कापावा. ३.२८०८ फूट आणि १ मीटर ही एकच लांबी आहे, म्हणून (३.२८०८ फूट ÷ १ मीटर) या अपूर्णांकाची किंमत १ आहे. यालाच रूपांतर-गुणक म्हणतात. कोणत्याही राशीला १ ने गुणल्यास ती बदलत नाही, फक्त तिचा पोशाख बदलतो. चौरस मीटर म्हणजे मीटर × मीटर, आणि हे दोन्ही मीटर कापायचे असतील तर गुणक दोनदा लिहावाच लागतो:

१०५.८ मीटर × मीटर × (३.२८०८ फूट ÷ १ मीटर) × (३.२८०८ फूट ÷ १ मीटर) = ११३८.८ फूट × फूट

एकदाच गुणले असते तर उत्तराचे एकक ‘मीटर-फूट’ असे विचित्र राहिले असते, आणि ते पाहताच आपण स्वतःच थांबला असता. एकक लिहिले नाही म्हणून ही सूचना मिळाली नाही.

मुलीच्या प्रश्नालाही हेच लागू पडते. ताशी ७२ किलोमीटर घ्या. किलोमीटर वर आहे, तो कापायला खाली किलोमीटर असलेला गुणक हवा, म्हणून (१००० मीटर ÷ १ किलोमीटर). तास खाली आहे, तो कापायला वर तास असलेला गुणक हवा, म्हणून (१ तास ÷ ३६०० सेकंद). ७२ × १००० ÷ ३६०० = २० मीटर दर सेकंदाला. १०००/३६०० ला संक्षिप्त रूप दिले की ५/१८ मिळतात. तिने ५/१८ विसरून जावे आणि पहिले काही आठवडे दोन्ही गुणक पूर्ण लिहावेत. गुणक उलटा लागला तर किलोमीटर कापण्याऐवजी किलोमीटरचा वर्ग होऊन बसतो, मग चूक लपत नाही.

चिरा आणि चुना (डिचोली)

मास्तरांनी तत्त्व सांगितले. मी बांधकामाच्या नकाशांचे काम करतो, तेव्हा व्यवहाराचे सांगतो, आणि ते आगोट यांना फारसे आवडणार नाही. ११३९ हा आकडा जास्त नाही. माझ्या मते तो कमीच आहे, आणि शेवटच्या बिलात तो टिकणार नाही.

११३९ चौरस फूट हे सपाट स्लॅबचे क्षेत्रफळ आहे. पत्रे मात्र उतारावर बसतात आणि भिंतीच्या बाहेर थोडे पुढे येतात. चारी बाजूंना ४५ सेंटिमीटर पुढे काढले, तर लांबी १२.४ मीटर आणि रुंदी १०.१ मीटर होते, म्हणजे १२५.२४ चौरस मीटर. त्यावर १५ अंशांचा, म्हणजे आडव्या मीटरला साधारण २७ सेंटिमीटर चढणारा, उतार दिला की पत्र्याचे क्षेत्रफळ १.०३५ पट होते. चौरस फुटांत हे जवळपास १३९६ येतात, आणि २१० च्या दराने २,९३,१६०. पत्रे एकमेकांवर चढवताना जे वाया जाते ते दरात धरले आहे की वेगळे, हे आधीच लिहून घ्या. तो माणूस लबाड नाही, पण त्याने अजून पूर्ण माप घेतलेले नाही. काम सुरू होण्यापूर्वी ‘क्षेत्रफळ सपाटीचे की उताराचे’ एवढे एकच वाक्य कागदावर आले, तर पुढची भांडणे टळतात.

३.२८ की ३.२८०८ यावरही लोक विनाकारण वाद घालतात. १०५.८ चौरस मीटरला ३.२८ धरून ११३८.२ येतात आणि ३.२८०८ धरून ११३८.८, म्हणजे फरक अर्ध्या चौरस फुटाचा. उलट साडेअकरा मीटरवर टेप मधे झोळ देऊन दोन सेंटिमीटरने चुकली, तर तेवढ्यानेच दोन चौरस फुटांचा फरक पडतो. म्हणून ११३८.८२ असे दोन दशांश लिहिणे व्यर्थ आहे, ११३९ पुरेसे आहे. गुणक मात्र कितीही बारकाईने लिहिता येतो, कारण १९५९ पासून एक इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटिमीटर अशी व्याख्याच ठरलेली आहे. फूट त्यावरून बरोबर ०.३०४८ मीटर होतो. तेथे अंदाज कसलाच नाही, अंदाज आपल्या टेपमध्ये आहे.

सीमेवरच्या व्यवहारात आणखी दोन शब्द जपून वापरावेत. आपल्याकडे रेतीचा भाव घनमीटरवर सांगतात आणि तिकडे ब्रासवर. रेती-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. येथे गुणक तीनदा लागतो, ३.२८०८ × ३.२८०८ × ३.२८०८ = ३५.३१, म्हणून १०० ÷ ३५.३१ = २.८३ घनमीटर. तीन ब्रासचा ट्रक म्हणजे साडेआठ घनमीटर. माझ्या समोर एकाने ३०० ला ३.२८ ने एकदाच भागून ९१ घनमीटर रेती मागवली होती. चालकाला हसू आवरेना, कारण तेवढ्यात दहा ट्रक भरले असते. त्यात भर म्हणजे गिलाव्याच्या आणि रंगाच्या कामात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एकच, पण एकदा घनफळ आणि एकदा क्षेत्रफळ, त्यामुळे कोणत्या कामाचा ब्रास हे विचारल्याशिवाय गुणाकाराला हात लावू नये.

दुसरा शब्द गुंठा. आपला एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा चौरस मीटरवर चालतो, म्हणून गोव्यातल्या माणसाला गुंठा परका वाटतो आणि तो गुंठा म्हणजेच आर असे धरून बसतो. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. एका गुंठ्यात हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. दहा एकरांत, म्हणजे ४०० गुंठ्यांत, तो ४६८ चौरस मीटरवर जातो, आणि तेवढ्यात अंगणासकट एक घर बसते.

बंदरावरचा (वास्को)

मी जहाजावर नोकरी केली आणि आता घरी आहे. मास्तरांच्या सांगण्यात एक पुरवणी जोडतो. सगळेच गुणक ‘एक’ नसतात. जहाजाच्या टाकीतले इंधन आम्ही मोजतो तेव्हा टेपने खोली मिळते, तक्त्यावरून घनमीटर मिळतात, पण खरेदी आणि हिशोब टनांत असतो. घनमीटर आणि टन ही एकाच गोष्टीची दोन नावे नव्हेत. मध्ये घनता येते, ती त्या खेपेच्या तेलाची असते, आणि तापमान वाढले की तीही कमी होते. पावतीवर घनता १५ अंश सेल्सियसची लिहिलेली असते आणि टाकीतले तेल ४० अंशांवर असते, म्हणून आणखी एक सुधारणा करावी लागते. ही सुधारणा न करता कागदावर भरलेले टन पुढच्या बंदरावर सापडत नाहीत.

घनतेला एकक न लिहिल्याने काय होते याचे जुने उदाहरण विमानाचे आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातले एक बोइंग ७६७ विमान हवेत ४१ हजार फुटांवर असताना इंधनावाचून बंद पडले. ती विमाने नवीन होती आणि त्यांचे हिशोब किलोग्रॅममध्ये होते. आकडे असे. लागणारे इंधन २२,३०० किलो, टाकीत ७६८२ लिटर. लिटरमागे किती, या प्रश्नाला कागदावर १.७७ हा आकडा होता. तो होता पौंडांचा, धरला गेला किलोचा. ७६८२ × १.७७ = १३,५९७ ‘किलो’ आहेत असे समजून फक्त ४९१७ लिटर भरले. किलोची घनता ०.८०३ धरली असती तर २०,०८८ लिटर भरायला हवे होते. वैमानिकांनी ते विमान तरंगत गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले आणि सगळे वाचले. १.७७ च्या पुढे ‘पौंड दर लिटर’ एवढे लिहिलेले असते, तर गुणाकारानंतर उत्तराला पौंडच चिकटले असते आणि ते किलोतून वजा करायला कोणाचा हात धजला नसता.

आपल्या जुन्या मापांचेही असेच आहे. गोव्यात भाताची खंडी म्हणजे वीस कुडव, आणि घाटावर खंडी म्हणजे वीस मण. कुडव हे भरून मोजायचे माप आहे आणि मण हे तोलायचे, त्यामुळे एका खंडीची दुसरी करायची तर भात कोणते, सुके की ओले, हे आधी विचारावे लागते.

मुलीसाठी आमच्या धंद्यातला एक सोपा सराव देतो. सागरी मैल म्हणजे बरोबर १८५२ मीटर, आणि ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. मच्छीमारांना दिलेल्या इशाऱ्यात वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर असा येतो. त्याचे नॉट तिने गुणक लिहून काढावेत. उत्तर २४ ते ३० च्या आसपास आले नाही, तर गुणक उलटा लागला आहे.

दवाखान्यातली (मडगाव)

तापमापकाचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून थोडक्यात लिहिते. अंश सेल्सियसचे फॅरेनहाइट करताना गुणक एकटा पुरत नाही, कारण दोन्ही मापांचे शून्य वेगवेगळ्या जागी आहे. ३८ × १.८ = ६८.४, त्यात ३२ मिळवले की १००.४. मात्र ‘ताप किती चढला’ असा प्रश्न असेल तेव्हा ३२ मिळवायचे नसतात. एक अंश सेल्सियसने चढला म्हणजे १.८ अंश फॅरेनहाइटने चढला. काल एक आजोबा चिंतेत आले होते, कारण नातवाने त्यांना ‘ताप एक अंशाने वाढला’ याचे रूपांतर ३३.८ करून दाखवले होते.

आगोट (पेडणे)

सर्वांचा आभारी आहे. फॅब्रिकेटरला मी फोन केला आणि माझी चूक कबूल केली. चिरा आणि चुना यांनी सुचवल्याप्रमाणे ‘क्षेत्रफळ उताराचे, पत्रे चढवण्याची वाढ दरात धरलेली’ असे वाक्य त्याच्याकडून लिहूनही घेतले. त्याने परवा येऊन दोरी लावून माप घेतले. त्याचे १३९० आले आहेत आणि आमचे पुढे काढायचे अंतर एका बाजूला थोडे कमी झाले आहे, त्यामुळे मला हा आकडा पटला.

आता माझ्या दुसऱ्या फजितीची गोष्ट. छप्पर होतेच आहे तर पन्हळ लावून पावसाचे पाणी टाकीत घ्यावे असा विचार आला. आमच्याकडे वर्तमानपत्रापासून तिठ्यावरच्या गप्पांपर्यंत सगळा पाऊस इंचांत मोजतात, म्हणून जोराच्या एका दिवसाचा चार इंच पाऊस धरला. चार इंच म्हणजे १०.१६ सेंटिमीटर. पाऊस सरळ खाली पडतो, त्यामुळे उताराचे क्षेत्रफळ न घेता सपाटीचे १२५.२४ चौरस मीटर घ्यावे, एवढे शहाणपण मला सुचले होते. दोन्ही आकडे गुणून १२७२ आले, त्यांना घनमीटर म्हटले, हजाराने गुणले आणि एका दिवसात पावणेतेरा लाख लिटर पाणी मिळणार असे मी जेवताना जाहीर केले.

मुलीने ताट बाजूला सारले आणि माझ्या कागदावर आकड्यांच्या पुढे एकके लिहिली. ‘बाबा, चौरस मीटर गुणिले सेंटिमीटर याला घनमीटर कोणी म्हटले?’ सेंटिमीटर कापायला (१ मीटर ÷ १०० सेंटिमीटर) असा गुणक तिने मध्ये घातला आणि १२.७२ घनमीटर, म्हणजे १२,७२४ लिटर, असे उत्तर काढले. तिने ते दुसऱ्या रीतीनेही तपासले. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर, १२५.२४ ला १०१.६ ने गुणले की तेच १२,७२४.

उन्हाळ्यात आम्ही पाण्याचा टँकर मागवतो तो १० हजार लिटरचा असतो. आमची टाकी २ हजार लिटरची आहे, ती अशा दिवशी सहा वेळा भरून वर थोडे उरेल. तेव्हा उरलेल्या पाण्याची वाट विहिरीकडे काढायची की परसातल्या पोफळींकडे, यावर आता घरात चर्चा चालू आहे. पन्हळीचा व्यास किती घ्यावा हे चिरा आणि चुना यांनी सांगितले तर बरे होईल. मापे या वेळी मी एककांसह पाठवतो.